एकच कागद सगळ्यांना पुरणार नाही

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : दवाखान्यांतून रुग्णांना दिला जाणारा आहाराचा छापील कागद

महोदय,

मधुमेह किंवा रक्तदाबाचं निदान झालं की रुग्णाच्या हातात औषधांच्या चिठ्ठीबरोबर बहुतेक वेळा आहाराचा एक छापील कागद येतो. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि दोन मारी बिस्किटं, नाश्त्याला एक वाटी पोहे किंवा उपमा, दुपारी दोन फुलके, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, काकडी-टोमॅटो, चार वाजता एक फळ आणि रात्री पुन्हा दोन फुलके. खाली ठळक अक्षरांत भात, बटाटा, साखर, गूळ आणि तळलेले पदार्थ वर्ज्य. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हा कागद घेऊन माझ्याकडे पिठाच्या गिरणीचे मालक येतात, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ येतात, गरोदरपणात साखर वाढलेली पंचविशीतली मुलगी येते आणि ऊसतोडीला जाणारी बाईही येते. चौघांच्या हातात कागद तोच असतो.

त्या ऊसतोडीच्या बाईबद्दल आधी लिहिते. वय चाळिशीच्या आतलं, अंगाने किडकिडीत. रक्तात साखर वाढलेली निघाली म्हणून तिला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या सुरू झाल्या. कागद मिळाला. तो तिच्या मुलीने तिला वाचून दाखवला आणि दिवाळीनंतर ती टोळीबरोबर कारखान्यावर निघून गेली. फडात पहाटेच कोयता सुरू होतो. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. कागदावर भाकरीचा उल्लेख नव्हता, म्हणून तिने धरलं की भाकरी आपल्याला चालत नाही. रात्री थापून फडक्यात बांधून न्यायच्या बाजरीच्या भाकऱ्या तिने सोडल्या आणि गव्हाच्या दोन पातळ पोळ्यांवर दिवस काढू लागली. गोळी मात्र एकही दिवस चुकवली नाही. मग सकाळी ऊन चढता चढता हात थरथरायचे, घाम फुटायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. बरोबरच्या बायका म्हणाल्या, तुझी शुगर वाढली असणार. तेव्हा तिने उरलेली पोळीही निम्मी केली.

तिची साखर वाढत नव्हती. ती धोकादायक पातळीपर्यंत खाली जात होती. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि पोटात अन्न गेलं आहे की नाही याची वाट ती पाहत नाही. कष्ट जास्त, खाणं कमी आणि वर ही गोळी, असं तिन्ही एकत्र आलं तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. ज्या डॉक्टरांनी तो कागद दिला त्यांना मी दोष देत नाही. बाहेर रांग लागलेली असताना एका रुग्णाला मिळतात ती दोन-तीन मिनिटं, आणि त्या वेळात चांगल्या मनाचा डॉक्टरही कागदच देऊ शकतो. माझं म्हणणं त्या कागदाबद्दल आहे, आणि कागदामागच्या समजुतीबद्दल, की योग्य आहार ही एकच ठरलेली गोष्ट आहे आणि ती माणसाला न विचारता सांगता येते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांच्या पोषणाच्या गरजांचे आकडे सुधारले. त्यात ५५ किलो वजनाची प्रौढ स्त्री प्रमाण मानली आहे. ती बैठं काम करत असेल तर तिला दिवसाला सुमारे १६६० कॅलरी लागतात आणि जड अंगमेहनत करत असेल तर २७२०. पुरुषाचं प्रमाण वजन ६५ किलो धरलं आहे, तिथे हाच फरक २११० आणि ३४७० असा पडतो. म्हणजे वय तेच, वजन तेच, फक्त काम वेगळं, तरी एका माणसाची गरज दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त. ही सरकारी संस्थेची आकडेवारी आहे. फुलके मोजणारा कागद मात्र खुर्चीवर बसून काम करणाऱ्या माणसासाठी लिहिलेला आहे, आणि तो वाटला जातो फडात, वीटभट्टीवर, शेतात.

आता राज्याचं चित्र पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे २१ टक्के स्त्रिया उंचीच्या मानाने कमी वजनाच्या आढळल्या आणि सुमारे २३ टक्के जास्त वजनाच्या. निम्म्याहून जास्त, ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होतं. एकाच राज्यात, कित्येकदा एकाच गल्लीत, पाचातली एक बाई खाणं कमी पडून खंगते आहे आणि जवळजवळ तेवढ्याच बायकांचं वजन वाढतं आहे. अशा ठिकाणी ‘कमी खा’ असा एकच संदेश भिंतीवर रंगवला तर तो निम्म्या वाचणाऱ्यांना लागू पडत नाही आणि काहींना घातक ठरतो.

वजनकाटाही सगळं सांगत नाही, हे जगाला पुण्याने शिकवलं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान, त्यांचे स्नायू कमी. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला रोड, आतून चरबी जास्त. २००४ साली डॉ. याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचं आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचं उदाहरण मांडलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याच कारणाने भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा २५ ऐवजी २३ बीएमआयवर धरतात, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की काळजी करायला सांगतात.

या संशोधनाचा मला रोज उपयोग होतो. साठ किलोचा सडपातळ माणूस साखर वाढली म्हणून येतो आणि म्हणतो, ‘मॅडम, मी तर बारीक आहे, मला कसं झालं?’ त्याला खाणं कमी करायला सांगून फार काही होत नाही. त्याला स्नायू कमवायचे असतात, म्हणजे डाळ, उसळ, अंडं, दही, शेंगदाणे वाढवायचे आणि अंगाला ताण देणारं काम करायचं. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या ऐंशी किलोच्या दुकानदाराला नेमकं उलट काही सांगावं लागतं. निदान दोघांचं मधुमेहच. लहानपणापासूनच्या उपासमारीतून येणारा मधुमेह हा वेगळा प्रकार आहे, हे तर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ साली मान्य केलं आणि त्याला ‘टाइप ५’ असं नाव दिलं. ही तरुण, अतिशय कृश माणसं असतात. त्यांना वजन उतरवायचा कागद देणं म्हणजे उपासमार वाढवणं.

महोदय, २०१८ च्या सुमाराची आठवण करून देते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की दिवसातून दोनदाच जेवा, आणि आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या की थोडं थोडं, थोड्या थोड्या वेळाने खा. राज्याने डॉ. दीक्षितांना स्थूलताविरोधी मोहिमेचं सदिच्छादूत केलं. घराघरांत दोन पक्ष पडले, लग्नाच्या पंगतीतही वाद रंगले. त्या चर्चेने लोकांना ताटाकडे बघायला लावलं, हे तिचं मोठं काम. दोन वेळा जेवून वजन उतरलेली, साखर आटोक्यात आलेली माणसं मी पाहिली आहेत. थोडं थोडं खाऊन पित्ताचा त्रास गेलेलीही पाहिली आहेत. चुकीचं होतं ते आपलं ऐकणं. दोघांपैकी खरं कोण, असं आपण विचारत राहिलो. माझ्या शरीराला, माझ्या कामाला, माझ्या गोळ्यांना यातलं काय झेपेल, हे विचारलं नाही. कुठल्याही आहारपद्धतीबरोबर ती कुणी पाळू नये याची सूचना असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून गावात पोचेपर्यंत ती गळून जाते. मग इन्सुलिन घेणारे आजोबा पंधरा-सोळा तास उपाशी राहतात आणि नातू त्यांना शाबासकी देतो.

शरीरं वेगवेगळी असतात याला आता भक्कम पुरावा आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली ८०० माणसांच्या अंगावर साखर मोजणारे सेन्सर लावून त्यांच्या जवळपास ४७ हजार जेवणांचा माग काढला. तोच पाव, तेवढाच पाव, एकाची साखर झपाट्याने वर नेतो आणि दुसऱ्याची जेमतेम हलवतो. पुढे ब्रिटन आणि अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात जुळ्या भावंडांतही असा फरक दिसला. त्यात आतड्यातल्या जिवाणूंचा वाटा आहे, झोपेचा आहे, जेवणाच्या वेळेचा आहे.

या शोधांवर लगेच बाजार उभा राहिला. थुंकी पाठवा, तुमच्या जनुकांना शोभेल असा आहार सांगतो, अशा जाहिराती पुण्या-मुंबईत सर्रास दिसतात, आता आमच्याकडेही पोचल्या आहेत. इथे सावध राहायला हवं. स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ माणसांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार दिला गेला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतली सरासरी घट जवळपास सारखीच, पाच-सहा किलोंची. पण प्रत्येक गटात कुणाचं वजन भरपूर उतरलं तर कुणाचं उलट वाढलं. आणि कुणाला कोणता आहार मानवेल, हे त्यांनी तपासलेल्या जनुकांवरून सांगता आलं नाही. स्वतःच्या शरीराप्रमाणे खायचं म्हणजे हजारो रुपयांची चाचणी करायची, असा समज पसरला तर ही गोष्ट श्रीमंतांपुरतीच उरेल. माझ्याकडे येणाऱ्या माणसाची गरज ओळखायला पहिल्यांदा एक खुर्ची, एक कागद, मोजपट्टी आणि विचारण्याची तयारी लागते.

काय विचारायचं? काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं, कधी, किती. काम कोणतं, किती वाजता निघता, किती वाजता परत येता. घरात स्वयंपाक कोण करतं आणि शेवटी कोण जेवतं. रेशनवर काय मिळतं. कोणत्या गोळ्या चालू आहेत. काय खाल्लं की पोट बिघडतं. दूध पचतं का, हा प्रश्न तर आपल्याकडे कुणी विचारतच नाही. काही छापील कागदांवर ‘रात्री एक कप दूध’ असतं, आणि दुधाने पोट गुबारणारी माणसं ते औषध म्हणून नाक दाबून पितात. त्यांना ताक किंवा दही सांगितलं असतं तर भागलं असतं. मूत्रपिंड कमकुवत झालेल्या माणसाला फळं आणि नारळपाणी भरपूर घ्या म्हणणं धोक्याचं असतं, कारण पोटॅशियम साठून हृदयाची लय बिघडू शकते. रक्त पातळ ठेवायची वॉर्फरिन घेणाऱ्याने पालेभाजी एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं केलं की गोळीचा हिशोब चुकतो. थायरॉइडची गोळी चहाबरोबर घेतली की ती नीट शोषली जात नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होतं. पुणे आणि परिसरात केलेल्या एका अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी दोन तृतीयांशांचं बी-१२ मुळातच कमी निघालं होतं, मग शाकाहारी घरातल्या मधुमेही बाईच्या पायाला मुंग्या येतात त्या साखरेमुळे की बी-१२ मुळे, हे न तपासता कसं कळणार?

‘शेवटी कोण जेवतं’ या प्रश्नावर जरा थांबते. माणसाची गरज वेगवेगळी असते असं मी म्हटलं की घरातली बाई पहिल्यांदा घाबरते. तिला वाटतं, आता पाच जणांचा पाच प्रकारचा स्वयंपाक माझ्या गळ्यात पडणार. तसं काही करावं लागत नाही. पातेलं एकच राहू शकतं, वाढणं बदलावं लागतं. रक्तदाबाच्या सासऱ्यांची आमटी मीठ घालायच्या आधी वाटीभर काढून ठेवता येते. वाढत्या वयाच्या मुलीला आणि गरोदर सुनेला डाळ घट्ट वाढता येते, त्यावर लिंबू पिळता येतं, आणि लोहाची गोळी चहाबरोबर न घेता तासाभराने घेता येते. बैठं काम करणाऱ्या मुलाच्या ताटात भाजी जास्त आणि भात कमी, शेतात जाणाऱ्या भावाच्या ताटात एक भाकरी जास्त. हे सगळं त्याच चुलीवर, त्याच खर्चात होतं. आड येतो तो घराचा रिवाज. आपल्याकडे ताटातला वाटा गरजेवर ठरत नाही, मानावर ठरतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पुरुषाला १९. गरज तिची दीडपट, आणि तिच्या वाट्याला येतं ते सगळे उठल्यावर उरलेलं. रक्तक्षय असलेल्या ५४ टक्क्यांमागे हेही एक कारण आहे, आणि गोळ्यांची पाकिटं वाटून ते जाणार नाही. म्हणून आहाराचा सल्ला देताना जमेल तेव्हा घरातल्या कर्त्या माणसाला आणि सासूबाईंना समोर बसवावं लागतं. मी तसं करते. सासूबाईंना सुनेचा रिपोर्ट दाखवून समजावलं तर त्या स्वतः उठून अळिवाचे लाडू करतात, हा माझा अनुभव आहे.

आपल्या लोकांना ही समज नवी नाही. चरकसंहितेत आहाराच्या मात्रेवर एक आख्खा अध्याय आहे आणि ती मात्रा ज्याच्या त्याच्या पचनशक्तीवर सोपवली आहे. माझ्या भागातली म्हातारी माणसं आजही सांगतात की मला हरभऱ्याची डाळ सोसत नाही, मूग सोसतो. उन्हाळ्यात बाजरी नको, ज्वारी बरी. हे शहाणपण दवाखान्याच्या दारात आलं की गप्प होतं, कारण तिथे त्याला कुणी विचारत नाही. कागदावरचे मारी बिस्किट आणि फुलका अधिक डॉक्टरी वाटतात. कोकणातल्या मधुमेही माणसाला मासळी सोडून फुलके खायला लागलेलं मी पाहिलं आहे. खानदेशातल्या माणसाने कळण्याची भाकरी, उडीद-ज्वारीचं ते उत्तम अन्न, ‘पथ्यात बसत नाही’ म्हणून टाकली. आणि बिस्किट चालू ठेवलं, मैद्याचं.

आता मागणं. तिशीपुढच्या प्रत्येकाची असंसर्गजन्य आजारांसाठी तपासणी होते, त्यासाठी आशाताई घरोघर एक फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि घरातला मधुमेहासारखा आजार यांना गुण दिलेले आहेत. त्याच भेटीत खाण्याबद्दलचे चार-पाच प्रश्न विचारता येतील. मात्र आशाताईंवर आधीच कामाचं ओझं आहे, तेव्हा या वाढीव कामाचा मोबदला आधी ठरवा आणि मग काम सांगा. ज्या रुग्णाला इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी आहे, ज्याचा बीएमआय १८.५ च्या खाली आहे, ज्याचं मूत्रपिंड बिघडलं आहे, जी गरोदर आहे, अशांना छापील कागद देणं आजच थांबवता येईल. त्यासाठी एक परिपत्रक पुरे. बाकीच्यांसाठी कागद ठेवायचा तर जिल्ह्याजिल्ह्याचा वेगळा असू दे, त्यात भाकरी असू दे, नाचणी, मासळी, कळणा, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी असू दे. आणि किती खायचं ती जागा रिकामी असू दे, माणसाला विचारून हाताने भरायची.

पण हे भरणार कोण? मी पाहिलेल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत आहारतज्ज्ञ नाही. राज्यातल्या गृहविज्ञान महाविद्यालयांतून दरवर्षी पोषणशास्त्र शिकलेल्या मुली बाहेर पडतात आणि त्यांतल्या बऱ्याच जिममध्ये किंवा प्रोटीन पावडर विकणाऱ्या कंपन्यांत कामाला लागतात, कारण सरकारी आरोग्यसेवेत त्यांना फारशी जागा नाही. एका रुग्णाशी पहिल्या भेटीत अर्धा तास आणि नंतर महिन्याला दहा मिनिटं, एवढं बोलायला माणूस असला तर औषधं वाढवायची वेळ कित्येकांच्या बाबतीत येणार नाही. त्या ऊसतोडीच्या बाईची गोळी तिच्या डॉक्टरांशी बोलून बदलली, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तिच्या फडक्यात परत गेली, आता तिला भोवळ येत नाही आणि साखरही आवाक्यात आहे. त्यासाठी लागलं ते एवढंच बोलणं.

महोदय, येत्या अर्थसंकल्पात प्रत्येक ग्रामीण रुग्णालयासाठी आहारतज्ज्ञाचं एक कायम पद मंजूर करा, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

आपली,
मराठवाड्यातली एक आहारतज्ज्ञ